गनिमी कावा आणि शत्रूचं ओझं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गनिमी कावा म्हणजे डोंगरात दबा धरायचा, छापा घालायचा आणि पसार व्हायचं, असं आपण शाळेत शिकलो. मग तोच कावा संताजी घोरपड्यांना कर्नाटकच्या माळावर आणि पहिल्या बाजीरावांना गोदावरीकाठच्या सपाटीवर कसा साधला? सह्याद्रीचा त्यात नेमका वाटा किती? आणि एखादी जागा स्वतःच्या पायांनी बघायची तर कुठली?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे उत्तर कुठल्या खिडकीतून येतंय ते कळेल. मी पदवीधर इतिहासकार नाही. तरुणपणी काही वर्षं लष्करात रसदीच्या कामावर होतो आणि त्यानंतर तीसेक वर्षं घाटवाटा चालतोय, अभ्यासगटांना घेऊन जातोय. त्यामुळे कुठलीही लढाई वाचताना मला तलवारीआधी भाकरी दिसते. कुणाचे घोडे काय खात होते, पाणी कुठे होतं, सामान कुणाच्या पाठीवर होतं, हे कळलं की निम्मी लढाई कळते असं माझं मत आहे.

तर थेट उत्तर. गनिमी काव्याचा मारा शत्रूच्या ओझ्यावर असतो. मोठी फौज जितकी मोठी, तितकं तिचं पोट मोठं, तितकी तिची शेपटी लांब. ते ओझं कुठे सर्वांत जड होईल हे जमीन ठरवते. सह्याद्रीत ते घाटात जड होतं, माळावर पाण्यापासून लांब गेलं की जड होतं, नदीकाठच्या काळ्या जमिनीत पावसानंतर जड होतं. म्हणून जागा बदलली तरी कावा चालला. आणि म्हणूनच, डोंगर तेच असूनही, तो काही वेळा फसलाही. त्याबद्दल पुढे सांगतोच, कारण तो भाग आपल्याकडे फार कमी बोलला जातो.

जाता जाता शब्दाकडे बघा. गनीम म्हणजे शत्रू. मोगलांच्या फारसी लिखाणात मराठ्यांना गनीम म्हटलेलं असतं, म्हणजे हे नाव समोरच्याने ठेवलेलं. आणि कावा हा घोडेवाल्यांचा शब्द, घोड्याला गोल फेऱ्यात फिरवणं म्हणजे कावा. दबा धरून बसण्यापेक्षा शत्रूभोवती फिरत राहणं, त्याला आपल्या भोवती फिरायला लावणं, हा अर्थ मला जास्त पटतो.

आता उंबरखिंड. १६६१ चा फेब्रुवारी. शाएस्ताखान पुण्यात तळ ठोकून बसलेला आणि उत्तर कोकण हातात यावं म्हणून त्याने कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला खाली पाठवलेलं. सोबत माहूरची देशमुखीण रायबागन. ही फौज लोहगडाच्या बाजूने घाटमाथ्यावर आली आणि शेजारचा बोरघाट सोडून कुरवंड्याच्या वाटेने, नागफणीच्या सुळक्याखालून, चावणीच्या खोऱ्यात उतरली. तिथून पुढे अंबा नदीच्या अंगाने जाणारी दाट झाडीची अरुंद वाट, तीच उंबरखिंड.

कुरवंड्याच्या माथ्यावर आज नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था आहे, याची मला दर वेळी गंमत वाटते. माथ्यावरून बघितलं तर खोरं समोर पसरलेलं दिसतं, हात लांब केला तर पोचू असं वाटतं. फसवणूक तिथेच आहे. उतार सुरू झाला की वाट एका माणसाची होते. दगड सुटे, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पाय टाकताना खाली बघावं लागतं म्हणून समोर कुणीच बघत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुरवंड्यातल्या एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी आमच्या पिशव्यांकडे बघून एवढंच विचारलं होतं, "पानी किती घेतलंया? उतारावर थेंब न्हाई. आता थेट खाली नदीला." वाट कुठली, अंतर किती, काही नाही. पाण्याचंच विचारलं.

एका वर्षी आम्ही ४० जण होतो. सगळे सवयीचे, पाठीवर लहान पिशव्या, अंगावर ना चिलखत ना पागोटं. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या हातात घड्याळ दिलं. पहिला खाली पोचल्यावर शेवटचा यायला ३५ मिनिटं लागली. चाळीस माणसांना. आता हाच हिशोब मोठा करून बघा. ५,००० माणसं एकामागे एक, दोघांत दीड मीटर अंतर धरलं तर रांग साडेसात किलोमीटर लांब होते. अशा उतारावर ताशी २ किलोमीटर म्हणजे चांगली चाल. म्हणजे पहिल्या माणसाने उतरायला सुरुवात केल्यापासून शेवटच्याचा पाय उतारावर पडायला पावणेचार तास. त्यात १,००० घोडे लगाम हातात धरून उतरवायचे म्हटले तर आणखी चार-पाच किलोमीटरची भर. आणि बैल, तंबू, भांडीकुंडी, दारूगोळा, बुणगे (म्हणजे फौजेबरोबरची न लढणारी माणसं) हे सगळं अजून मोजलेलंच नाही.

अशी रांग म्हणजे फौज राहत नाही, वरात होते. आघाडीवर काय झालं ते पिछाडीला कळायला तेवढाच वेळ लागतो जेवढा माणसाला चालत जायला लागतो. सरदार मधे कुठेतरी अडकलेला, त्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही. त्याच्या हाताखाली किती हजार आहेत या आकड्याला काही अर्थच उरत नाही, कारण एका वेळी लढू शकतात ते फक्त वाटेच्या रुंदीइतके, म्हणजे एक नाहीतर दोघं. लोक मला खिंडीत उभं राहून विचारतात, खानाची फौज किती होती हो? मी म्हणतो, जितकी जास्त धराल तितकं त्याचं जास्त वाईट झालं असं समजा.

झाडीत आधीच बसलेल्या मावळ्यांनी पुढचं तोंड बंद केलं, मागचं बंद केलं आणि वरून मारा सुरू केला. खानाला ना फळी धरता आली, ना घोडा दौडवता आला. शेवटी रायबागनने त्याला शरण जायला सुचवलं, त्याने खंडणी भरली आणि सुटका करून घेतली. शिवाजी महाराजांनी त्याला जाऊ दिलं, इकडे जरा थांबून बघा. कोंडलेल्या माणसाला बाहेर पडायची वाट ठेवली नाही तर तो जिवावर उदार होऊन लढतो आणि मग आपलीही माणसं मरतात. मूठभर सैन्य असणाऱ्याला ते परवडत नाही. शिवाय सगळं सामान टाकून हात हलवत पुण्याला परतलेला खान छावणीत जी भीती घेऊन जातो, ती शंभर हेर पाठवूनही पेरता येणार नाही.

खान त्या वाटेने उतरला कसा, हा पुढचा प्रश्न. मोठी फौज वाट निवडते तेव्हा तिला दोनच गोष्टी हव्या असतात, सरळ अंतर आणि विरोध नसलेली दिशा. बहिर्जी नाईकांसारख्यांची हेरगिरी, चौक्या-मेटांवरच्या लोकांची खबर आणि महाराजांचा वेग, या तिन्हीमुळे शत्रू कुठे उतरणार हे आधी कळत होतं आणि तिथे त्याच्या आधी पोचता येत होतं. शेवटी खिंड सगळ्यांनाच दिसते. ती केव्हा भरणार हे ज्याला कळतं, त्याची ती होते.

आता ओझ्याकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे.

घोड्याला दिवसाला ८ ते १० किलो वैरण लागते, वर दोन-तीन किलो चंदी, म्हणजे दाणा, आणि २५ ते ३० लिटर पाणी. ५,००० घोड्यांचा तळ म्हणजे दररोज ४०-५० टन वैरण. बैल पाठीवर फार तर १०० किलो वाहणार. म्हणजे फक्त एका दिवसाच्या वैरणीला चार-पाचशे बैल, आणि बैलही खातात, हे विसरायचं नाही. कुठलीच फौज एवढं बरोबर नेत नाही. ती धान्यासाठी वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून राहते आणि चाऱ्यासाठी आसपासच्या मुलखावर. मग रोज सकाळी वैरण आणायला टोळ्या बाहेर पडतात, तळापासून कोस-दोन कोस लांब. मराठ्यांचा खरा दिवस तेव्हा सुरू व्हायचा. वैरणीला गेलेली टोळी परत येऊ द्यायची नाही, तांडा तळापर्यंत पोचू द्यायचा नाही. हे आठ दिवस केलं की तळावर घोडे बसायला लागतात. बसलेला घोडा उठत नाही.

मराठ्यांच्या स्वारांकडे हे ओझं नव्हतं असं नाही, कमी होतं. भीमथडीची काटक तट्टं, जी मिळेल त्या गवतावर भागवतात. खोगिरावर घोंगडी, पिशवीत भाकरी-कांदा किंवा भाजलेलं धान्य. तंबू नाही, बाजार नाही. याउलट औरंगजेबाची छावणी म्हणजे फिरतं शहर होतं, पेठा, हत्ती, जनानखाना, कारखाने सगळ्यांसकट. १६८१ साली तो दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ वारला. सव्वीस वर्षं हे शहर दख्खनच्या उरावरून फिरत राहिलं.

हा फरक एकाच वाटेवर, एकाच हंगामात मोजायची संधी इतिहासाने दिली आहे आणि तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं. १६६० च्या जुलैमध्ये, भर पावसात, महाराज सहाएकशे माणसांनिशी पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले आणि मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे गेले. पन्नासेक किलोमीटर. रात्रभर चाल आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलाग रोखून धरला तोवर महाराज गडावर पोचले. एक रात्र आणि एक दिवस. आता १७०२ चा जून. औरंगजेबाने सहा महिने वेढा घालून शेवटी पैसे मोजून विशाळगड ताब्यात घेतला आणि पावसाळा सुरू झालेला असताना फौज परत पन्हाळ्याकडे निघाली. तोच मुलूख, उलट्या दिशेने. त्यांना ३८ दिवस लागले. ओढे फुगलेले, बैल-उंट चिखलात रुतून मेलेले, तंबू भिजून दुप्पट जड झालेले, धान्य मिळेनासं झालेलं. या परतीत त्यांच्यावर कुणी मोठी लढाई लादलेली नव्हती. पावसाने आणि त्यांच्या स्वतःच्या सामानाने जे करायचं ते केलं.

मी त्या वाटेवर जुलैमध्ये तीन वेळा गेलो आहे. मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि शेताडीतल्या चिखलात बूट अडकून पाय मोकळा बाहेर येतो. तिथे हत्ती न्यायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल, तो माणूस नकाशावर राज्य करत असणार.

प्रतापगडाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून एकच मुद्दा. १६५९ साली अफझलखान तुळजापूर, पंढरपूर करत वाईला येऊन बसला. वाई म्हणजे मोकळं खोरं, पाणी, चारा, आणि खान स्वतः वाईचा सुभेदार राहिलेला, मुलूख त्याच्या ओळखीचा. तिथे त्याला गाठणं म्हणजे त्याच्या अंगणात कुस्ती. महाराज राजगड सोडून जावळीत जाऊन बसले आणि भेटीच्या बोलण्यांतून खानालाच रडतोंडीच्या घाटाने पारला उतरवलं. घाटाचं नावच वाट कशी असेल ते सांगतं. वाईहून पारला येणारा खान आपल्या फौजेचा बराच भाग आणि जवळपास सगळा चारा-पाणी मागे सोडून आला. १० नोव्हेंबरला काय झालं ते लहान मुलंही सांगतील. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं: १८ दिवसांत पन्हाळा मराठ्यांच्या हातात होता. जावळीच्या रानात जिंकून ते रानात बसून राहिले नाहीत, शत्रू हबकलेला असतानाच मोकळ्या मुलखात धावले. डोंगर बचावाला असतो, फायदा सपाटीवर वसूल करायचा असतो.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, सपाटीकडे.

हे तंत्र शिवकाळाच्याही आधीचं आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मराठा बारगीर, म्हणजे घोडेस्वार, हाताशी धरून मोगलांच्या रसदीवर असेच छापे घातले होते. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडला. पाण्याने आसपासची जमीन चिखल झाली, तोफा-घोडे रुतले, आणि मग फौजेवर तो तुटून पडला. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. भातवडीला ना घाट ना खिंड. जी जमीन अडचणीची नव्हती ती त्याने पाणी सोडून अडचणीची केली.

संताजींची दोड्डेरी याहून शिकण्यासारखी. १६९५ चा नोव्हेंबर, जागा चित्रदुर्गाजवळ. बादशहाने कासिमखानाला संताजींच्या वाटेवर पाठवलेलं, सोबत खानाजादखान वगैरे दरबारी घरातले सरदार. पाहुण्यांचा मान राखायला कासिमखानाने भारी तंबू आणि सोन्याचांदीची भांडी बाहेर काढली आणि हा पेशखाना, म्हणजे पुढच्या मुक्कामाचे तंबू, दोन-तीन कोस पुढे पाठवून दिला. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एक पेशखान्यावर पडला. ती खबर ऐकून कासिमखान धावत निघाला, तेव्हा वाटेत दुसरा भाग त्याच्या अंगावर आला. तिसरा मोकळा राखून ठेवलेला होता. खान पुढे लढतोय तोवर तो मागच्या तळावर पडला. आता खानाकडे पुढचे तंबू नाहीत, मागचं सामान नाही, आहे तो फक्त हातात धरलेला माळ. चित्रदुर्गकर नायकाचे बंदूकवाले मराठ्यांच्या बाजूला होते, त्यांनी लांबून टिपायला सुरुवात केली. मोगल कसेबसे दोड्डेरीच्या गढीत शिरले आणि तिथे दाणागोटा संपला. कासिमखान गढीतच मेला, उरलेले खंडणी कबूल करून, सगळं टाकून बाहेर पडले.

उंबरखिंडीत जी कामगिरी कड्यांनी केली, ती इथे पेशखाना आणि तळ यांच्यातल्या दोन-तीन कोसांनी केली. दोन्हीकडे शत्रूचं डोकं एकीकडे आणि पोट दुसरीकडे झालं. डोंगर नसला तर ती दरी स्वतः पाडायची, हा संताजींचा धडा.

पालखेडला बाजीरावांनी तेच पाण्याच्या बाबतीत केलं. निजाम पुण्याकडे वळला तर बाजीराव त्याच्या मागे पुण्याला आले नाहीत. ते जालना, खानदेश, गुजरात असे फिरत राहिले आणि बुऱ्हाणपुराला धोका आहे असं दाखवलं. इथे कावा शब्दाचा मूळचा अर्थ आठवा. निजामाला पुणं सोडून उत्तरेकडे यावं लागलं. पाठलागाच्या घाईत त्याने जड तोफखाना मागे टाकला, म्हणजे ज्याच्या जोरावर तो उभा होता तेच. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात तो अशा जागी सापडला जिथे पाणी मराठ्यांच्या हातात होतं. आजूबाजूचा चारा-धान्य आधीच उधळलेलं. मोठी लढाई म्हणावी अशी झालीच नाही, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुंगी-शेवगावला तह झाला. माघ-फाल्गुनात त्या भागातून एकदा दुपारी दोन तास चालून बघा, तोफांविना माणूस शरण का जातो ते कळेल.

आता फसलेल्या बाजूकडे. हे वाचायला आवडत नाही, पण याच्याशिवाय उत्तर अर्धवट राहील.

१६६५ च्या मार्चमध्ये मिर्झाराजे जयसिंग पुण्याला आले. डोंगर तेच, मावळे तेच, महाराज तेच, आणि तीन महिन्यांत पुरंदरचा तह करावा लागला, २३ किल्ले द्यावे लागले, हाती १२ राहिले. काय बदललं होतं? जयसिंगांनी खिंडींत फौज घालायची चूक केली नाही. त्यांनी सासवडला तळ धरला, जिथे त्यांच्या ओझ्याला त्रास नाही. दिलेरखानाला पुरंदरला बसवलं, एप्रिलच्या मध्याला वज्रगड पडला. पण माझ्या मते घाव दुसरीकडे बसला. दाऊदखानासारख्या सरदारांना हलक्या फौजा देऊन त्यांनी रोहिडा, राजगड, सिंहगडाभोवतीच्या खोऱ्यांत सोडलं आणि गावं जाळली, गुरं वळवली, माणसं धरली. जुन्नर-लोहगडाकडच्या वाटांवर ठाणी बसवली. शिवाय महाराजांशी वाकडं असलेल्या सगळ्यांना, जंजिऱ्याच्या सिद्दीपासून जावळीच्या दुखावलेल्या मोऱ्यांपर्यंत, पत्रं गेली.

हे नीट लक्षात घ्या. गनिमी लढाईत शत्रूची रसद लांब असते आणि आपली जवळ, म्हणून आपण हलके राहू शकतो. पण आपली रसद जवळ असते म्हणजे कुठे असते? मावळातल्या कुणब्याच्या कणगीत. मावळ्याचं घर त्याच खोऱ्यात. जयसिंगांनी नेमकी ती कणगी पेटवली. महाराजांना ओझं नव्हतं असं आपण म्हणतो, तर ते खरं नाही, त्यांचं ओझं ती गावं होती आणि ती उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती. महाराजांनी ते वेळीच ओळखलं आणि तह केला. त्या तहाला नुसती माघार म्हणणाऱ्यांनी त्या उन्हाळ्यात गुंजवणीच्या खोऱ्यात धुरात बसलेल्या गावकऱ्याच्या जागी बसून बघावं.

दुसरा प्रसंग १६८९ चा. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून निवडक स्वार घेऊन, जड सामान मागे टाकून, घाट उतरून संगमेश्वरला आला आणि संभाजी महाराज पकडले गेले. त्या दिवशी सह्याद्रीने मोगलांना अडवलं नाही. खबर त्यांच्याकडे होती आणि ओझं त्यांनी टाकलेलं होतं. हलका झालेला शत्रू त्याच वाटांनी तितक्याच सहज येऊ शकतो. "आमचे डोंगर आमचे राखणदार" असं भाषणात म्हणायला बरं वाटतं, पण डोंगर ज्याला वाट माहीत त्याचे.

म्हणून मला महाराजांचं सगळ्यात मोठं युद्धपत्र कुठलं वाटतं, तर ते ज्यात लढाईचा शब्दही नाही. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं, चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेलं. आशय असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कुणी दाणा आणील, कुणी गवत, कुणी भाजी, आणि रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे. पुढे तर गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळेल, इथपर्यंत सूचना आहेत. लष्करात असताना आम्ही भांडारातल्या आगीच्या नियमांची थट्टा करायचो. हे पत्र वाचल्यापासून मी ती थट्टा बंद केली. ज्या राजाला गंजीतला उंदीर दिसतो त्याला खानाची शेपटी दिसणारच.

याच्याच जोडीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांभोवतीची झाडी जपण्याचा, ती वाढवण्याचा आणि तीतली काडीही तोडू न देण्याचा दंडक आहे. आज आपण ते पर्यावरणाचं कलम म्हणून फलकांवर लावतो, हरकत नाही. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंदूकवाल्याला लपायला जागा आणि हत्तीला न मिळणारी वाट होती.

राहता राहिलं, कुठे जाऊन बघायचं. पहिल्यांदा जात असाल तर उंबरखिंडच. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जा, लढाईचाच हंगाम आहे आणि गवत वाळलेलं असल्यामुळे वाट दिसते. लोणावळ्याहून कुरवंड्याला भल्या सकाळी पोचा. गाडी तिथे ठेवू नका, ती खालच्या बाजूला, खोपोली-पाली रस्त्याकडे पाठवून द्या, नाहीतर संध्याकाळी तोच चढ परत चढायची वेळ येईल. माणशी ३ लिटर पाणी. गावातून वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. उतरताना मधल्या टप्प्यावर एकदा सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि शेवटच्या माणसाने पहिल्याला हाक मारून काहीतरी साधं विचारावं, किती वाजले एवढंच. उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. खाली स्मारकापाशी पोचल्यावर फोटो काढायच्या आधी तो आकडा वहीत लिहून ठेवा, आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट माणसं घेऊन या.